निकोलाय वाविलोव

निकोलाय इवानोविच वाविलोव (२५ नोव्हेंबर, इ.स. १८८७:मॉस्को, रशियन साम्राज्य - २६ जानेवारी, इ.स. १९४३:सारातोव, सोव्हिएत संघ) हे रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ, आनुवंशिकीतज्ज्ञ व कृषिशास्त्रज्ञ होते. माणसाने लागवडीखाली आणलेली पिके मुळात कोणकोणत्या प्रदेशांत उगम पावली याचा पद्धतशीर शोध घेणारे ते पहिल्या पिढीतील प्रमुख संशोधक होत. पाच खंडांतून पिकांचे वाण व त्यांच्या रानटी जाती गोळा करून त्यांनी लेनिनग्राद येथे त्या काळातील जगातला सर्वांत मोठा बीजसंग्रह उभारला. वारंवार पडणारे दुष्काळ आणि पिकांवरील रोग यांवर या वैविध्यातूनच तोडगा निघेल, अशी त्यांची धारणा होती. स्टॅलिनच्या राजवटीत त्यांना देशद्रोही ठरवून तुरुंगात टाकण्यात आले व तेथेच अपुऱ्या आहाराने खंगून वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला.

जन्म व शिक्षण

वाविलोव यांचे वडील इवान इल्यिच हे वोलोकोलाम्स्कजवळच्या इवाश्कोवो या खेड्यातील शेतकरी कुटुंबातून आलेले. मॉस्कोत दुकानात उमेदवारी करत करत ते कापडव्यवसायातील प्रतिष्ठित व्यापारी झाले. त्यांचे धाकटे पुत्र सर्गेय वाविलोव हे पुढे नामवंत भौतिकशास्त्रज्ञ झाले. थोरल्या मुलाने व्यापारी विद्यालयात शिकून व्यवसायात यावे अशी वडिलांची इच्छा होती. निकोलाय यांनी ते शिक्षण पूर्ण केले, परंतु इ.स. १९०६ साली प्रवेश घेतला तो मॉस्कोच्या कृषी संस्थेत.

त्या काळात रशियात शेतीशास्त्र शिकणे म्हणजे दुष्काळाचा विचार करणे होते. इ.स. १८९१-९२ च्या दुष्काळात वोल्गा नदीच्या खोऱ्यात काही लाख माणसे उपासमारीने व साथीच्या रोगांनी दगावली होती. त्याची आठवण सुशिक्षित वर्गात ताजी होती. मृदा व खतांचे अभ्यासक द्मित्री प्र्यानिश्निकोव हे वाविलोव यांचे गुरू. शेतातील गोगलगायींच्या उपद्रवावर प्रबंध लिहून पदवी घेतल्यावर वाविलोव सेंट पीटर्सबर्ग येथे रॉबर्ट रेगेल यांच्या उपयोजित वनस्पतिशास्त्र कार्यालयात काम शिकण्यासाठी गेले. इ.स. १९१३ साली ते युरोपात गेले. इंग्लंडमध्ये त्यांनी विल्यम बेटसन यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम तेव्हा नुकतेच मान्यता पावत होते. तांबेरा, भुरी यांसारख्या रोगांना गव्हाचे काही वाण बळी पडतात व काही पडत नाहीत, हा फरक आनुवंशिक असतो का, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर ते मायदेशी परतले.

इराण व पामीर

इ.स. १९१६ साली उत्तर इराणमध्ये असलेल्या रशियन सैनिकांना पाव खाल्ल्यावर चक्कर व गुंगी येऊ लागली, म्हणून कारण शोधण्यासाठी वाविलोव यांना पाठवण्यात आले. स्थानिक गव्हात एका विषारी गवताचे बी मिसळलेले असल्याचे त्यांनी दाखवून दिले. हे सरकारी काम आटोपल्यावर ते तेथून पामीरच्या पर्वतराजीत गेले.

डोंगर चढत असता त्यांना एक गोष्ट दिसली. सखल भागात गव्हाच्या शेतात राय हे धान्य तणासारखे उगवत होते व शेतकरी त्याला वैतागलेले होते. जसजशी उंची व थंडी वाढे, तसतसे शेतात गव्हाचे प्रमाण घटून रायचे वाढत जाई, आणि अगदी उंचावर रायचेच पीक घेतले जाई. यावरून राय हे मुळात गव्हातील तण असून जेथे गहू टिकू शकला नाही तेथे ते स्वतंत्र पीक बनले, असा निष्कर्ष त्यांनी काढला. अशा पिकांना त्यांनी दुय्यम पिके म्हटले. हवामान प्रतिकूल झाले की शेताच्या कडेचे, दुर्लक्षित रोप मुख्य पीक होऊ शकते, ही जाणीव त्यांच्या पुढील सर्व कामात दिसते.

सारातोव व समांतर वैविध्याचा नियम

इ.स. १९१७ साली ते सारातोव येथे प्राध्यापक झाले. राज्यक्रांती व यादवी युद्धाच्या त्या वर्षांत विद्यार्थ्यांसह ते प्रयोगाच्या शेतांवर राबत असत. जून १९२० मध्ये तेथे भरलेल्या वनस्पती-पैदासकारांच्या परिषदेत त्यांनी समजातीय श्रेणींचा नियम मांडला. परस्परांशी जवळचे नाते असलेल्या जातींमध्ये आनुवंशिक वैविध्य समांतर रूपांनी आढळते, असा त्याचा आशय आहे. गव्हात कुसळे असलेल्या व नसलेल्या, पांढऱ्या व तांबड्या ओंब्या आढळत असतील, तर रायमध्येही तसे प्रकार असले पाहिजेत. ते अद्याप सापडले नसतील तर शोधावेत. ज्ञात रूपांवरून अज्ञात रूपांचे भाकीत करता येते म्हणून त्या वेळी या नियमाची तुलना मेंडेलीफच्या आवर्तसारणीशी करण्यात आली. ही तुलना जरा जास्तच उत्साही होती, कारण सजीवांत मूलद्रव्यांसारखी काटेकोर सारणी बसत नाही. तरीही पैदासकाराला कोठे व काय शोधायचे हे सांगणारे साधन म्हणून त्याचा उपयोग झाला. इथिओपियात अक्सुमजवळ वाविलोव यांना कुसळे नसलेला बन्सी गहू सापडला, तेव्हा असेच एक भाकीत खरे ठरले.

रेगेल यांच्या निधनानंतर पेत्रोग्राद येथील कार्यालयाची जबाबदारी वाविलोव यांच्यावर आली. इमारतीत कडाक्याची थंडी होती आणि जुन्या बीजसंग्रहाचा काही भाग यादवीच्या काळात भुकेलेल्या लोकांच्या पोटात गेला होता. त्यातच इ.स. १९२१-२२ साली वोल्गा खोऱ्यात पुन्हा दुष्काळ पडून सुमारे पन्नास लाख माणसे मरण पावली. त्याच सुमारास वाविलोव अमेरिकेत गेले व तेथून मोठ्या प्रमाणावर बियाणे घेऊन परतले. इ.स. १९२४ साली या कार्यालयाचे रूपांतर अखिल सोव्हिएत संस्थेत झाले व वाविलोव तिचे संचालक झाले.

मोहिमा व उगमकेंद्रांचा सिद्धान्त

पुढील दहा वर्षे वाविलोव यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी होत. इ.स. १९२४ साली त्यांनी अफगाणिस्तानात घोड्यांच्या काफिल्यासह सुमारे ५,००० किलोमीटर प्रवास केला. हिंदुकुश ओलांडून ते नुरिस्तानच्या दुर्गम खोऱ्यांत गेले. इ.स. १९२६-२७ साली भूमध्य समुद्राभोवतालचे देश व इथिओपिया, इ.स. १९२९ साली पश्चिम चीन, जपान, कोरिया व तैवान, त्यानंतर मेक्सिको व मध्य अमेरिका आणि इ.स. १९३२-३३ साली दक्षिण अमेरिका असा त्यांचा प्रवास झाला. प्रत्येक ठिकाणी त्यांचा मुख्य भर बाजारावर व शेतावर असे. बाजारात विकायला आलेले धान्य मूठमूठभर विकत घ्यायचे, ते कोणत्या गावचे आहे हे विचारायचे, मग त्या गावी जाऊन उभ्या पिकातून नमुने घ्यायचे, अशी त्यांची पद्धत होती. अनेक भाषा अवगत असल्याने शेतकऱ्यांशी थेट बोलणे त्यांना शक्य होई. अतिशय कमी झोप घेऊन काम करण्याची त्यांची सवय सहकाऱ्यांना मात्र जड जात असे.

सहकाऱ्यांच्या स्वतंत्र मोहिमाही चालू होत्या. सर्गेय युझेप्चुक व सेम्योन बुकासोव यांनी लॅटिन अमेरिकेतून बटाट्याच्या तोवर शास्त्राला अपरिचित असलेल्या लागवडीच्या व रानटी जाती आणल्या. युरोपातील सारा बटाटा थोड्याशा आयात रोपांपासून वाढलेला होता. इ.स. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये करपा रोगाने एकच एक प्रकारचा बटाटा कुजून दहा लाख माणसे मेली, त्यामागे हेच एकसारखेपण होते. मेक्सिकोतील रानटी बटाट्यांत करप्याला तोंड देण्याची शक्ती होती आणि पुढे पैदासकारांनी ती लागवडीच्या वाणांत आणली.

इ.स. १९२६ साली वाविलोव यांनी लागवडीच्या वनस्पतींच्या उगमकेंद्रांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला व त्याबद्दल त्यांना लेनिन पुरस्कार मिळाला. एखाद्या पिकाची सर्वाधिक विविध रूपे जेथे आढळतात तेथे त्याचा उगम शोधावा, हे त्यांचे सूत्र होते. जगाचे अन्न काही थोड्या प्रदेशांतून आले असून ते बहुतेक डोंगराळ आहेत, असे त्यांना आढळले. केंद्रांची संख्या त्यांनी आरंभी पाच मानली. नंतर ती आठपर्यंत गेली. त्यांपैकी हिंदुस्थान केंद्रात त्यांनी भात, ऊस, तूर, मूग, वांगे, काकडी व आंबा यांचा समावेश केला. महाराष्ट्राच्या ताटातील ज्वारी मात्र त्यांनी इथिओपियाकडे दिली, तर मिरची, भुईमूग व बटाटा अमेरिका खंडांकडे. स्वतः वाविलोव यांना भारतात यायचे होते, परंतु ब्रिटिश सरकारने परवानगी दिली नाही. त्यांचे सहकारी मार्कोविच यांनी उपखंडात फिरून नमुने गोळा केले.

नंतरच्या संशोधनाने या सिद्धान्तात दुरुस्त्या केल्या. वैविध्याचे केंद्र हेच उगमाचे केंद्र असते असे नाही. उदाहरणार्थ, इथिओपियात गहू व जवाचे विलक्षण वैविध्य असले तरी ती पिके पश्चिम आशियातून तेथे गेली, हे पुरातत्त्वीय पुराव्यांनी स्पष्ट झाले आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ जॅक हार्लन यांनी इ.स. १९७१ मध्ये मूळ कल्पनेची फेरमांडणी केली. मात्र पैदासीसाठी उपयुक्त गुण कोठे शोधावेत, या प्रश्नाला वाविलोव यांनी काढलेला नकाशा आजही आरंभबिंदू मानला जातो. या वैविध्याचे राखणदार डोंगरातले गरीब शेतकरी होते. एकाच शेतात अनेक वाण मिसळून पेरायचे, म्हणजे पाऊस लांबला किंवा रोग पडला तरी काहीतरी हाती लागते, ही त्यांची रीत होती. सुधारित बियाणे जसजसे पसरेल तसतसे हे जुने वाण नाहीसे होतील, ही शक्यता दिसत असल्याने संग्रहाची निकड होती. जॅक यांचे वडील व वाविलोव यांचे स्नेही हॅरी हार्लन यांनी जवाच्या संदर्भात हाच इशारा इ.स. १९३६ मध्ये प्रसिद्धही केला.

इ.स. १९४० पर्यंत संग्रहात सुमारे अडीच लाख नमुने जमा झाले. बियाणे काही वर्षांत उगवणशक्ती गमावते. त्यामुळे ते देशभरच्या केंद्रांवर ठरावीक काळाने पेरून नवे बी धरावे लागे. संग्रह म्हणजे कपाटात बंद केलेला ठेवा नसून सतत चालू ठेवावी लागणारी शेती होती. वाविलोव या काळात सोव्हिएत कृषी विज्ञान अकादमीचे अध्यक्ष (इ.स. १९२९-३५), विज्ञान अकादमीच्या आनुवंशिकी संस्थेचे संचालक व भौगोलिक संस्थेचे अध्यक्ष होते.

लिसेन्को व घाईचे राजकारण

इ.स. १९२९ नंतर स्टॅलिन सरकारने सक्तीने सामूहिक शेती लादली. धान्याची जबर वसुली व विस्कटलेली शेती यांमुळे इ.स. १९३२-३३ साली युक्रेन, कझाकस्तान व वोल्गा खोरे यांत पन्नास लाखांहून अधिक लोक उपासमारीने मेले. हा दुष्काळ प्रामुख्याने धोरणाने निर्माण केलेला होता, परंतु त्याची जबाबदारी कोणावर तरी ढकलणे राज्यकर्त्यांना आवश्यक होते. इ.स. १९३१ च्या एका सरकारी ठरावाने पैदासकारांना नवे वाण चार-पाच वर्षांत तयार करण्याचा आदेश दिला. संकर करणे, पिढ्यानपिढ्या निवड करणे, निरनिराळ्या हवामानांत चाचण्या घेणे या कामाला दहा-बारा वर्षे लागतात, हे वाविलोव सांगत राहिले.

अशा वेळी त्रोफिम लिसेन्को हा युक्रेनमधील शेतकरी कुटुंबातून आलेला कृषितज्ज्ञ पुढे आला. बियाणे भिजवून थंडीत ठेवल्यास हिवाळी गहू वसंतात पेरता येतो, या वासंतीकरणाच्या प्रक्रियेला त्याने उत्पादनवाढीचा रामबाण उपाय म्हणून मांडले. प्रक्रियेत तथ्य होते; दाव्यांना पुरेशा चाचण्यांचा आधार नव्हता. वाविलोव यांनी आरंभी या होतकरू तरुणाला उत्तेजन दिले, अकादमीत त्याच्या निवडीला हातभार लावला. या निर्णयाबद्दल त्यांच्यावर नंतर टीका झाली आहे, आणि ती अनाठायी नाही. पुढे लिसेन्कोने जनुकांचे अस्तित्वच नाकारले व परिस्थितीने रोपात घडवलेले बदल पुढील पिढीत उतरतात असे प्रतिपादन केले. यातून हवे ते वाण झटपट मिळतील, ही गोष्ट सत्ताधाऱ्यांना ऐकायला आवडणारी होती. वाविलोव यांचा बीजसंग्रह ही उधळपट्टी आणि आनुवंशिकी हे परकीय, भांडवलशाही शास्त्र ठरवले जाऊ लागले.

इ.स. १९३५ मध्ये वाविलोव यांना अकादमीच्या अध्यक्षपदावरून दूर करण्यात आले. त्यांच्या जागी आलेले अध्यक्ष अटकसत्रात सापडले व इ.स. १९३८ मध्ये ते पद लिसेन्कोकडे गेले. इ.स. १९३७ साली मॉस्कोत भरायची आंतरराष्ट्रीय आनुवंशिकी परिषद सरकारने होऊ दिली नाही. ती इ.स. १९३९ मध्ये एडिंबरा येथे भरली. अध्यक्ष म्हणून वाविलोव यांची निवड झाली होती, परंतु त्यांना देशाबाहेर जाऊ देण्यात आले नाही. या सर्व काळात त्यांनी आपली शास्त्रीय भूमिका सौम्य केली नाही, उलट जाहीर सभांतून ती अधिक स्पष्टपणे मांडली. सहकारी एकामागून एक नाहीसे होत असताना त्यांनी असे करणे जाणीवपूर्वक होते, यात शंका नाही.

अटक व मृत्यू

६ ऑगस्ट १९४० रोजी पश्चिम युक्रेनमधील चेर्निवत्सी येथे मोहिमेवर असताना गुप्त पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले. मागे राहिलेल्या त्यांच्या थैलीत सहकाऱ्यांना त्या दिवशी डोंगरात गोळा केलेल्या गव्हाच्या एका जुन्या जातीच्या ओंब्या सापडल्या. शेतीत घातपात, इंग्लंडसाठी हेरगिरी व प्रतिक्रांतिकारक पक्षाचे सदस्यत्व असे आरोप त्यांच्यावर ठेवले गेले. अकरा महिन्यांच्या चौकशीत त्यांना रात्र-रात्र उभे ठेवून प्रश्न विचारले जात. याच काळात त्यांनी कोठडीत जगातील शेतीच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला. ते हस्तलिखित नष्ट करण्यात आले. ९ जुलै १९४१ रोजी काही मिनिटांच्या सुनावणीत त्यांना मृत्युदंड ठोठावण्यात आला. त्यांचे सहकारी गेओर्गी कार्पेचेन्को यांना त्याच महिन्यात गोळ्या घालण्यात आल्या.

जर्मन सैन्य मॉस्कोकडे सरकू लागल्यावर कैद्यांना हलवण्यात आले व वाविलोव सारातोवच्या तुरुंगात पोहोचले, म्हणजे ज्या शहरात ते प्राध्यापक झाले होते तेथेच. जमिनीखालच्या कोंदट कोठडीत ते सहकैद्यांना जीवशास्त्रावर व्याख्याने देत. वृद्ध प्र्यानिश्निकोव यांनी त्यांच्या सुटकेसाठी वरिष्ठांकडे अर्ज केले, एवढेच नव्हे तर कैदेत असलेल्या आपल्या शिष्याचे नाव स्टॅलिन पुरस्कारासाठी सुचवले. इ.स. १९४२ साली मृत्युदंड बदलून वीस वर्षांची शिक्षा देण्यात आली. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना परदेशी सदस्य म्हणून निवडले. ते कोठे आहेत हे निवडणाऱ्यांना ठाऊक नव्हते. त्यांच्या पत्नी, मसुराच्या अभ्यासक येलेना बारुलिना, लहान मुलगा युरी याच्यासह युद्धामुळे सारातोवलाच आल्या होत्या. पती त्याच शहरात असल्याचे त्यांना कळले नाही. २६ जानेवारी १९४३ रोजी तुरुंगाच्या रुग्णालयात वाविलोव यांचे निधन झाले. त्यांना सामायिक कबरीत पुरण्यात आले.

वेढ्यातील बीजसंग्रह

सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन फौजांनी लेनिनग्रादला वेढा घातला. तो ८७२ दिवस चालला. संस्थेच्या इमारतीत गहू, भात, मका, डाळी, भुईमूग असे कित्येक टन खाण्याजोगे बी होते. त्या हिवाळ्यात कार्यालयीन कर्मचाऱ्यांना दिवसाला १२५ ग्रॅम निकृष्ट पाव मिळे. फुटलेल्या खिडक्यांच्या, विस्तवाविना असलेल्या खोल्यांत कर्मचारी पाळीपाळीने पहारा देत, उंदरांपासून डबे जपत. पाव्लोव्स्क येथील शेतातील बटाट्याचे वाण त्यांनी तोफांच्या माऱ्यात उपटून शहरात आणले व तळघरात थंडीपासून सांभाळले. भुईमुगाचे अभ्यासक अलेक्सांद्र श्चूकिन आपल्या मेजावर मृत्यू पावले. भाताचे अभ्यासक द्मित्री इवानोव मरण पावले तेव्हा त्यांच्या खोलीत भाताची हजारो पाकिटे शाबूत होती. ओटच्या संग्रहाच्या प्रमुख लिदिया रोदिना याही वाचल्या नाहीत. बियाणे खाल्ले गेले नाही. आपले संचालक जिवंत आहेत की नाहीत, हेही या माणसांना माहीत नव्हते. दुसरीकडे, युक्रेनमधील केंद्रांवरचा काही संग्रह इ.स. १९४३ मध्ये हाइन्झ ब्रूखर याच्या नेतृत्वाखालील नाझी पथकाने ऑस्ट्रियात पळवून नेला. त्याचे मोल जर्मनांनाही कळले होते.

उत्तरकाल

इ.स. १९४५ साली सर्गेय वाविलोव यांची सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या अध्यक्षपदी नेमणूक झाली. ज्या सत्तेने थोरल्या भावाचा बळी घेतला तिच्याच सेवेत त्यांना राहावे लागले. इ.स. १९४८ मध्ये आनुवंशिकीवर देशात अधिकृत बंदी आली; लिसेन्कोचा प्रभाव इ.स. १९६५ च्या सुमारास संपेपर्यंत या शास्त्राची एक पिढी वाया गेली. निकोलाय वाविलोव यांना २० ऑगस्ट १९५५ रोजी न्यायालयाने निर्दोष ठरवले.

संग्रहाचा उपयोग मात्र थांबला नाही. पावेल लुक्यानेन्को यांनी निर्माण केलेला बेझोस्ताया-१ हा गहू पूर्व युरोप व तुर्कस्तानात लक्षावधी हेक्टरांवर पसरला. त्याच्या वंशावळीत संस्थेच्या संग्रहातील अर्जेंटिनाचा क्लाइन-३३ हा वाण आहे. पिकांच्या एकसारखेपणाचा धोका इ.स. १९७० मध्ये अमेरिकेत पुन्हा दिसला: एकाच मादी वंशावर आधारलेल्या संकरित मक्यावर करपा पसरून देशाच्या उत्पादनातील सुमारे १५ टक्के मका नष्ट झाला. इ.स. १९९९ मध्ये युगांडात ओळखला गेलेला खोडावरील तांबेऱ्याचा नवा प्रकार तेव्हाच्या बहुसंख्य गव्हाच्या वाणांची प्रतिकारशक्ती मोडून काढणारा होता. दोन्ही वेळा उत्तर शोधण्यासाठी पैदासकारांना निराळ्या वंशांकडे वळावे लागले. भारतात इ.स. १९७६ पासून वनस्पतींच्या आनुवंशिक संसाधनांची राष्ट्रीय संस्था नवी दिल्लीत असाच संग्रह सांभाळते. नॉर्वेतील स्वालबार येथे इ.स. २००८ पासून जगभरच्या जनुकपेढ्यांतील बियाण्यांचे राखीव नमुने बर्फाळ डोंगरात ठेवले जातात. सीरियातील यादवीमुळे अलेप्पोजवळचा संग्रह वापरता येईनासा झाल्यावर इ.स. २०१५ मध्ये त्यातून पहिल्यांदा बियाणे काढावे लागले.

पाव्लोव्स्क केंद्रावर फळझाडे व बोरवर्गीय फळांचे हजारो वाण जिवंत रोपांच्या रूपात आहेत आणि त्यांतील बहुतेक अन्यत्र मिळत नाहीत. इ.स. २०१० मध्ये ही जमीन घरबांधणीसाठी देण्याचा निर्णय न्यायालयात कायम झाला, तेव्हा जगभरातील शास्त्रज्ञांनी निषेध नोंदवला व अखेर ती योजना बारगळली.

सन्मान

लेनिनग्राद (आता सेंट पीटर्सबर्ग) येथील संस्थेला वाविलोव यांचे नाव देण्यात आले असून तिच्या संग्रहात आज तीन लाखांहून अधिक नमुने आहेत. त्यांच्या प्रवासवर्णनाचा वाचलेला भाग 'पाच खंड' या अर्थाच्या शीर्षकाने रशियन भाषेत इ.स. १९६२ मध्ये प्रकाशित झाला. चंद्रावरील एका विवराला व २८६२ क्रमांकाच्या लघुग्रहाला दोघा वाविलोव बंधूंचे नाव आहे. सारातोव येथील कृषी विद्यापीठालाही निकोलाय वाविलोव यांचे नाव देण्यात आले.